रेकॉर्डिंगमागची घूं: पुन्हा पुन्हा येणारा आवाज कसा पकडायचा

बोलत असताना तो आवाज लपतो. दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबलो की पुन्हा वर येतो. घरच्या रेकॉर्डिंगमधला हा एकच बिघाड मी कितीतरी वेळा शोधला आहे. आधी माझ्या स्वतःच्या कथावाचनाच्या टेबलावर, मग ओळखीच्या पॉडकास्टवाल्यांकडे, गिटार शिकवणाऱ्या एका मित्राकडे. तपासायचा क्रम आता हाताला पाठ झाला आहे, तोच इथे लिहिते. नवा माइक किंवा आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी एवढं करून बघा. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा एखाद्या चार्जरमध्ये नाहीतर केबलच्या टोकाशी निघतो.

लक्षणं: नेमका कोणता आवाज येतोय?

"नॉइज येतोय" एवढ्यावर शोध सुरू केला तर अख्खा दिवस जातो. हेडफोन लावा, १० सेकंद गप्प बसून शांतता रेकॉर्ड करा आणि ती मोठ्याने ऐका. खालीलपैकी काय ऐकू येतं?

- जाड, खर्जातली घूं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळून जाताना येते तशी. फोनच्या लहान स्पीकरवर ही कळतसुद्धा नाही, म्हणून ती फाइल पाठवून झाल्यावर कुणीतरी दुसरंच आपल्याला सांगतं.
- टोकदार घरघर, म्हणजे काचेवर माशी अडकल्यासारखी झर्रर्र. घूंसारखीच हीसुद्धा घरातल्या विजेची, पण विजेची लाट कुठेतरी तुटते आहे. डिमर, स्वस्त एलईडी दिवे आणि अडॅप्टर हे नेहमीचे संशयित.
- बारीक शिटी किंवा चिंईं. माउस हलवला, फाइल उघडली की तिचा सूर बदलतो. ही कॉम्प्युटरच्या पोटातून, यूएसबीमार्गे येते.
- पावसाच्या सरीसारखी एकसारखी सळसळ. हिचा विजेच्या तारांशी संबंध नाही. गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) आणि माइकचं तोंडापासूनचं अंतर यांचा हिशेब चुकला आहे.
- केबल हलवली की खरखर, मध्येच फट्. केबल किंवा पिन.
- टर्र-टट्-टट्-टर्र, थोडा वेळ येऊन गायब. जवळच मोबाइल आहे. जुन्या जीएसएम पद्धतीत फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्यांनी प्रक्षेपण करतो, आणि तेच तुकडे केबलमध्ये शिरून ऐकू येतात.

कानावर भरवसा नसेल तर डोळ्यांनी बघा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती शांतता निवडून 'अ‍ॅनालाइज' मेनूतला 'प्लॉट स्पेक्ट्रम' (कोणत्या सुराचा आवाज किती आहे याचा आलेख) उघडा. इथे एक बारीक गोष्ट नेहमी राहून जाते. 'साइज' १०२४ वर असेल, तर ४४,१०० हर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन बिंदूंत ४३ हर्ट्झचं अंतर पडतं आणि खालचं सगळं एका ढिगात मिसळतं. साइज १६३८४ करा, म्हणजे अंतर तीनेक हर्ट्झवर येतं आणि सुळके सुटे दिसतात. पहिला सुळका ५० वर आणि पुढचे १००, १५०, २०० असे असतील तर ती घरातली वीज आहे. ज्या देशांत वीज ६० हर्ट्झची असते तिथे हेच आकडे ६०, १२०, १८० येतील. १००० किंवा ८००० वर एकटाच सुळका उभा असेल तर यूएसबीकडे बघा, कारण यूएसबीवरची माहिती सेकंदाला १००० किंवा ८००० वेळा अशा ठोक्यांनी जाते. आणि सुळके नाहीतच, नुसतं पसरट गवत आहे, तर ती सळसळ.

सुरू करण्याआधी एक शिस्त

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक बदलानंतर १० सेकंद रेकॉर्ड करा आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडाने सांगा: "चार्जर काढला", "दुसरी केबल", "दिवा बंद". गेनच्या बटणाला मध्ये हात लावायचा नाही. त्रासून एकदम चार गोष्टी बदलल्या की आवाज जातो, पण कशाने गेला ते कळत नाही, आणि पंधरा दिवसांनी तो परत येतो. हा बिघाड 'पुन्हा पुन्हा येणारा' ठरतो तो बहुधा यामुळेच.

आकडा हवा असेल तर ऑडॅसिटीच्या 'अ‍ॅनालाइज' मेनूतलं 'मेझर आरएमएस' वापरा, ते आवाजाची सरासरी पातळी सांगतं. एसीएक्स या ऑडिओबुक वितरणाच्या व्यासपीठाची अट आहे की शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली हवी (शून्य म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये मावणारा सर्वात मोठा आवाज). तुम्ही तिथे काही देणार नसलात तरी घरच्या कामासाठी ही रेघ चांगली आहे.

१. आवाज फाइलमध्ये आहे का?

याला काही खर्च नाही आणि मिनिटसुद्धा लागत नाही. रेकॉर्ड केलेली फाइल दुसऱ्या फोनवर टाका आणि साध्या इअरफोनने ऐका. तिथे स्वच्छ असेल तर रेकॉर्डिंग ठीक आहे, घूं तुमच्या स्पीकरची किंवा हेडफोनच्या वाटेची आहे. मग माइकच्या मागे लागू नका, थेट सहाव्या तपासणीवर जा.

फाइलमध्ये असेल तर हेडफोन काढा आणि माइक जिथे आहे तिथे कान न्या. फ्रिज, पंखा, इन्व्हर्टर, भिंतीपलीकडची मोटर यांची घूं हवेतून येते. माइक ती इमानदारीने टिपतो आणि आपण केबलला दोष देत बसतो. आपला कान रोजच्या आवाजाला सरावलेला असतो, म्हणून एकेक उपकरण बंद करूनच पाहा.

२. वाट अर्ध्यावर तोडा

इंटरफेस म्हणजे माइक आणि कॉम्प्युटर यांच्यामधली पेटी. तिच्यावरची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज, बंद करा, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग माइकची केबल इंटरफेसमधून काढा. गेन तसाच ठेवून रेकॉर्ड करा. घूं गेली तर दोष माइक, केबल किंवा खोलीत आहे. तशीच राहिली तर इंटरफेस, कॉम्प्युटर किंवा वीज. या एका कृतीने निम्मं घर वगळलं जातं. यूएसबी माइक असेल तर ही सोय नाही, तुम्ही पुढे चला.

३. सळसळ असेल तर गेन आणि अंतर

माइक तोंडापासून ४० सेंटिमीटरवर ठेवून गेन वाढवत नेला की आवाजाबरोबर सळसळही वाढते. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि सळसळ आहे तिथेच राहते. ४० वरून २० वर, २० वरून १० वर आलात की १२ डेसिबल फुकट मिळाले. एवढा फरक कुठलंही सॉफ्टवेअर इतक्या स्वच्छपणे देत नाही. माइक तोंडासमोर सरळ न धरता थोडा कडेला ठेवा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' चे झोत त्यावर आपटणार नाहीत.

डायनॅमिक माइकला (चुंबक आणि वेटोळ्यावर चालणारा) बोलण्यासाठी ५५ ते ६० डेसिबलपर्यंत गेन लागतो. बऱ्याच लहान इंटरफेसमध्ये बटणाच्या शेवटच्या भागात सळसळ एकदम वाढते, म्हणून बटण टोकाला टेकवायची वेळ आली तर माइक आणखी जवळ घ्या. रेकॉर्डिंग २४ बिटचं असेल तर सर्वात जोरात बोललेला शब्द उणे १२ डेसिबलला पोचला तरी पुरे. लाल रेघेजवळ नेण्याची गरज नाही.

एक लक्षण खास सांगते. बोलणं थांबल्यावर सळसळ लगेच न येता हळूहळू फुगत वर येत असेल, तर कॉम्प्युटरमधली आपोआप गेन वाढवणारी सोय चालू आहे. शांतता झाली की तिला वाटतं आवाज कमी पडला. माइकच्या सेटिंगमध्ये जाऊन ती आणि 'बूस्ट' दोन्ही बंद करा.

४. लॅपटॉपचा चार्जर काढा

घूं किंवा शिटी असेल तर मी इंटरफेसलाही हात लावण्याआधी हेच करते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि रेकॉर्ड करा. गेली? चोर सापडला.

कारण असं: चार्जरच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. त्याचा गोंगाट दाबायला आत एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो आणि त्यातून अगदी थोडी वीज पलीकडच्या बाजूला झिरपते. चार्जरला अर्थिंगची तिसरी पिन असेल तर ती तिथून निघून जाते. दोनच पिना असतील तर तिला वाट सापडते ती लॅपटॉप, यूएसबी केबल आणि इंटरफेसमधून. धातूच्या लॅपटॉपवरून हलकेच बोट फिरवल्यावर खरखरीत, कंप पावल्यासारखं लागतं ते याचमुळे.

उपाय सोपे आहेत. रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. चार्जरला तीन पिनांची दोरी मिळत असेल तर ती लावा. फोनचा चार्जर, टेबललॅम्प, पंखा असं सगळं टेबलापासून दूरच्या सॉकेटवर न्या.

५. आसपासचे दिवे आणि तारा, आणि मग केबल

डिमर वापरत असाल तर दिवा पूर्ण उजेडावर किंवा पूर्ण बंद करून पाहा. डिमर विजेच्या लाटेचा तुकडा कापतो, आणि कापल्या कडेमुळे ती टोकदार झर्रर्र येते. अर्ध्या उजेडावर ती सर्वात वाईट असते.

मग माइक हातात धरून सावकाश गोल फिरवा. एका दिशेला घूं वाढली, दुसरीकडे जवळजवळ गेली, तर जवळपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट माइकच्या वेटोळ्यात शिरतं आहे. हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने विरतं, त्यामुळे अडॅप्टर अर्धा मीटर सरकवला तरी पुष्कळदा काम होतं. गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपचं (तारांचा सूर पकडणारं एकच वेटोळं) हेच दुखणं. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली हंबकर नावाच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच घूंवर तोड म्हणून: दोन वेटोळी उलटसुलट बसवायची, म्हणजे दोघांमधली घूं एकमेकींना मारते आणि तारेचा सूर तेवढा शिल्लक राहतो.

माइकची केबल विजेच्या तारेला चिकटून, समांतर जात असेल तर वेगळी करा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

आता केबलच. दुसरी चालती केबल लावून पाहणं हीच खरी परीक्षा. तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमध्ये पिन १ ला बाहेरची जाळी, पिन २ आणि ३ ला आवाजाच्या दोन तारा असतात. दोन्हींत आवाज एकमेकांच्या उलटा जातो, पण बाहेरून आलेली घूं मात्र दोन्हींत सारखीच शिरते. इंटरफेस त्या दोन्हींतला फरक घेतो: आवाज उरतो, घूं वजा होते. यातली एक तार जरी तुटली तरी ही वजाबाकी बिघडते. आवाज येत राहतो, फक्त बारीक आणि घूंसकट. म्हणून "केबल चालू आहे की, आवाज येतोय ना" हा पुरावा नव्हे.

ज्या केबलने मला सर्वात जास्त छळलं ती बाहेरून नवी कोरी दिसत होती. शेवटी पिनेचं टोपण फिरवून काढलं. आत जाळीच्या तारा पिळून पिन १ ला सोल्डर केलेल्या होत्या, आणि बरोबर सोल्डरच्या कडेला एक तार सोडून सगळ्या तुटलेल्या. केबल सरळ असली की ती एक तार टेकायची, वाकली की सुटायची. त्यामुळे सकाळी घूं नसायची, खुर्ची सरकवली की असायची. मल्टिमीटर असेल तर या टोकाची पिन १ त्या टोकाच्या पिन १ शी लागते का, तसंच २-२ आणि ३-३, हे बघा. बघताना केबल टोकापाशी वाकवत राहा, नाहीतर असला दोष निसटतो. सोल्डर करता येत असेल तर तुटका भाग कापून पुन्हा जोडा. येत नसेल तर केबल बदला.

आणखी एक खूण: माइकच्या धातूच्या अंगाला हात लावला की घरघर कमी, सोडला की जास्त, तर ते अंग जाळीमार्गे जमिनीशी नीट जोडलेलं नाही. पुन्हा केबल, नाहीतर घरातलं अर्थिंग. पण हात लावल्यावर जराही झिणझिणी आली तर हा प्रयोग तिथेच थांबवा आणि सरळ शेवटचा भाग वाचा.

६. अर्थिंगचा फास

इंटरफेस, मिक्सर, स्पीकर, कॉम्प्युटर अशी दोन-तीन उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटवर असतील, तर त्यांच्या अर्थिंगमध्ये अगदी थोडा विद्युतदाबाचा फरक असतो. ऑडिओ केबलच्या जाळीने त्यांना जोडलं की एक बंद वेटोळं तयार होतं, त्यातून वीज फिरते आणि ती ५० हर्ट्झची घूं होऊन ऐकू येते. ओळख सोपी: दोन उपकरणांमधली ऑडिओ केबल काढली की घूं बंद, लावली की सुरू, केबल कोणतीही असो.

पहिला उपाय म्हणजे सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. दुसरा, स्पीकरला साध्या दोन भागांच्या पिनेऐवजी तीन भागांच्या पिनेची बॅलन्स्ड केबल (वर सांगितलेली घूंची वजाबाकी करू देणारी) लावा. तरीही राहिली तर मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर टाका, म्हणजे दोन्ही बाजूंची तारेची जोड तोडून आवाज तेवढा पुढे नेणारी पेटी. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण सुरक्षित असतं, कारण ते फक्त ऑडिओची जाळी सोडवतं. यूएसबी आयसोलेटर घेणार असाल तर त्याचा वेग आधी वाचा. बरेचसे सेकंदाला १२ मेगाबिटवरच थांबतात आणि ४८० मागणारा इंटरफेस त्यावर चालत नाही.

आता कळकळीने सांगते. प्लगची अर्थिंगची पिन कापू नका, टेप लावून झाकू नका, तीनचं दोन करणारा अडॅप्टर लावू नका. घूं जाते हे खरं. पण उद्या त्या उपकरणात आतली तार सुटून धातूच्या पेटीला लागली, तर वीज जमिनीत जाण्याची वाट तुम्ही काढून टाकलेली असते. मग ती वाट माइक हातात धरलेल्या आणि ओठांजवळ नेलेल्या माणसातून जाते.

७. इंटरफेस

इथवर आलात तर इंटरफेस दुसऱ्याच कॉम्प्युटरला, दुसऱ्याच घरात लावून पाहा. त्याआधी यूएसबी हब काढून थेट पोर्टमध्ये लावा, दुसरा पोर्टही बघा. यूएसबीवरच चालणाऱ्या इंटरफेसला पुरेशी वीज मिळाली नाही की फँटम पॉवर खाली बसते, आणि कंडेन्सर माइक बंद न पडता नुसता कमजोर आणि खरखरीत होतो. माइक न जोडता मल्टिमीटरने पिन १ आणि पिन २ मध्ये, मग १ आणि ३ मध्ये मोजा. ४४ ते ५२ व्होल्टच्या मध्ये हवं आणि दोन्हीकडे सारखं हवं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

माइक, लॅपटॉप किंवा इंटरफेसला हात लावल्यावर शॉक बसला, किंवा टेस्टर लावल्यावर धातूच्या पेटीवर दिवा लागला, तर रेकॉर्डिंग बंद. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. सॉकेट गरम लागणं, जळका वास, दिव्यांची फडफड यांनाही हेच लागू. घरात तीन पिनांची सॉकेटं असूनही अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. ते तपासणं आणि दुरुस्त करणं हे परवानाधारक वायरमनचंच काम. "फक्त घूं येते" असं न म्हणता "अर्थिंग मोजून द्या" असं स्पष्ट सांगा.

थेट विजेवर चालणारा मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर धोक्याइतकी वीज धरून ठेवतात. व्हॉल्यूम शून्य असताना, सगळ्या केबल काढलेल्या असताना एखादा स्पीकर घूं करत असेल आणि सुळका ५० ऐवजी १०० वर सर्वात उंच असेल, तर बहुधा त्याच्या पॉवर सप्लायमधला कपॅसिटर थकला आहे. हे तंत्रज्ञाला सांगितलंत तर त्याचा वेळ वाचतो. व्हॉल्व्ह माइकचा (आत काचेची नळी असलेला) पॉवर सप्लायही तसाच, त्यात शंभराच्या वर व्होल्ट असतात. आणि कंडेन्सर माइकची जाळी काढून आतला पडदा पुसायला जाऊ नका, तो बोटाच्या स्पर्शाने कायमचा जातो.

दुरुस्तीला नेताना ती १०-१० सेकंदांची सगळी रेकॉर्डिंगं बरोबर न्या. "चार्जर काढला, तशीच", "दुसरी केबल, तशीच" हे ऐकून चांगला तंत्रज्ञ अर्धं निदान तिथेच करतो.

आधीच झालेल्या रेकॉर्डिंगचं काय?

एका मैत्रिणीने आईकडून तिच्या लहानपणच्या आठवणी रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. चाळीस मिनिटं, सगळीभर घूं. पुन्हा बसवून बोलतं करणं शक्य नव्हतं, आई तेव्हा फार थकली होती. मैत्रिणीने आवाज साफ करणारं बटण पूर्ण ताणलं, आणि घूंबरोबर 'स', 'श' यांची सळसळ गेली, 'म्हणाली'तला 'ह' गेला, वाक्य संपल्यावरचा सुस्काराही गेला. आई पाण्याखालून बोलत असल्यासारखं वाटत होतं.

आम्ही मूळ फाइल पुन्हा घेतली. आधी ८० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने काढलं. बाईच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १६५ हर्ट्झच्या वर असतो, त्यामुळे आवाजाला धक्का लागला नाही. मग १०० आणि १५० वर नॉच फिल्टरने अगदी अरुंद खाच घेतली. त्यानंतरच नॉइज रिडक्शन, तेही ६ डेसिबल, घूंचा नमुना म्हणून दार लावल्यानंतरची दोन सेकंदांची शांतता. घूं पूर्ण गेली नाही, पण 'म्हणाली' नीट ऐकू आलं.

तुमच्याकडे असं काही असेल तर मूळ फाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, तिच्यावर थेट काही करू नका, आणि प्रत्येक फिल्टरनंतर नव्या नावाने सेव्ह करा.